अक्का बिनविरोध नव्हत्या

शेवंताअक्का गेल्या, आणि स्मशानात पहिलंच भाषण खोटं झालं.

बोलणारा कालपरवाचा कार्यकर्ता. चांगल्या मनानंच बोलला बिचारा. म्हणाला, अक्कांना वस्तीनं एकमुखानं, बिनविरोध नगरपालिकेत पाठवलं होतं.

बिनविरोध!

माझं डोकंच सटकलं.

मी अक्कांची धाकटी जाऊ. त्या निवडणुकीत त्यांच्याबरोबर दारोदार फिरलेली. म्हणून आजच लिहितेय. पोस्ट मोठी होईल, पण वाचा.

बारामतीच्या कडेला, कालव्यापलीकडं आमची वस्ती. पूर्वी मेंढरं राखणारी घरं, आता शेती आणि मिळेल ती नोकरी. नव्वदच्या दशकात आमचा स्वतंत्र वॉर्ड होता.

त्या वॉर्डाचा इतिहास सोपा आहे. आधी तात्या, मग तात्या, मग परत तात्या.

तात्या म्हणजे आमचे चुलत सासरे. माणूस वाईट नव्हता. पण नगरपालिकेचा नळ कालव्याच्या त्या काठापर्यंत आला आणि तिथंच बसला. ह्या काठावर आम्ही, डोक्यावर हंडे घेऊन. कालव्याचं आवर्तन बंद झालं की लांबच्या विहिरीवर.

तात्यांना किती वेळा सांगितलं. "बघू" म्हणायचे. बघत मात्र नव्हते.

मग एका निवडणुकीला वॉर्ड महिला राखीव निघाला. तात्यांनी सून उभी केली, रंजना. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही, फोटो काढायला नेलं तेव्हा तिला कळलं.

अक्कांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्या आपल्या आपण उभ्या राहिल्या.

फॉर्मवर सूचक म्हणून सही हवी होती. वस्तीतला एकही बाप्या पेन हातात घेईना. शेवटी बांगड्यांच्या दुकानवाल्या हमीदाभाभींनी सही केली, आणि शिवाय दुकानात बांगड्या भरायला येईल तिला अक्कांचं चिन्ह सांगायला लागल्या. शिवणयंत्र!

तात्यांनी मग आपला हुकमी एक्का काढला.

बिरोबाच्या देवळात सगळ्या घरांतल्या कर्त्या पुरुषांना बोलावलं. समोर ताटात भंडारा. ज्यानं चिमूट उचलून कपाळाला लावली, त्याच्या घरातली सगळी मतं तात्यांना बांधली गेली. आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. अजूनही नाही मोडत.

माझ्या नवऱ्यानं उचलला.

अक्कांच्या नवऱ्यानंही उचलला. माझे थोरले दीर, सगळे त्यांना आबा म्हणतात. तात्यांपुढं त्यांची मान कधी वर झालीच नाही.

मला वाटलं, संपला खेळ. ज्या घरातून उमेदवार, त्याच घरातली मतं समोरच्याला!

दुसऱ्या दिवशी कालव्यावर धुणं धुताना बायका अक्कांची नजर चुकवत होत्या. एकीनं सांगून टाकलं, की मनात तुम्हीच आहात, पण घरच्यानं भंडारा उचललाय. देव कोपला तर?

अक्का दर रविवारी बिरोबाला जाणाऱ्या. देवाची थट्टा त्यांनी कधी केली नाही. त्यांनी हातातला पिळा खाली ठेवला.

"तुझ्या हातात दिला व्हता का भंडारा?"

"न्हाय."

"तू कपाळाला लावला?"

"न्हाय, अक्का."

"मग तुझं मत बांधलं कुणी?"

बायका धुणं सोडून अक्कांभोवती आल्या. अगदी सगळ्या.

तात्यांची चूक तिथंच झाली होती. बायकांना शपथ घालायची असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं! कर्त्यानं उचलला म्हणजे घरानं उचलला, पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. त्यामुळं वस्तीतली एकूण एक बाई मोकळी राहिली होती.

मतदानाला आम्ही नवऱ्यांच्या मागोमाग गेलो. डोक्यावर पदर, खाली मान. पडद्याआड शिक्का मात्र आपापल्या मनानं मारला.

अक्का आल्या. थोडक्यात आल्या, पण आल्या.

गुलालानं माखून घरी आल्या तर आबा गोठ्यात तोंड लपवून बसलेले. त्यांनी शब्द पाळला होता. स्वतःच्या बायकोच्या विरोधात मत दिलं होतं. मला इतका राग आलेला की मी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

अक्कांनी दिला. आणि म्हणाल्या, "तुमी शबूद दिलता, तुमी पाळला. मी कुणाला दिलाच नव्हता."

पुढं ह्या काठावर नळ आला. तो कसा आला, किती हेलपाटे झाले, त्यावर वेगळं पुस्तक होईल.

पुढच्या निवडणुकीला तात्या शहाणे झाले. भंडाऱ्याचं ताट थेट आमच्या चुलीपर्यंत आलं. आणि काय योगायोग बघा, त्या वेळी वस्तीतल्या प्रत्येक बाईचे हात पिठात होते. खरकट्या हातानं भंडाऱ्याला शिवायचं कसं? ताट जसं आलं तसं परत गेलं.

तरी त्या वेळी अक्का पडल्या. नव्या रचनेत वॉर्ड मोडून वस्तीची तीन शकलं तीन वॉर्डांत गेली होती. आमची मतं तिन्हीकडं पांगली. हरल्याचं त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चार दिवस धड जेवल्या नाहीत.

तर आज, ते "बिनविरोध" ऐकून मी उठणारच होते.

माझ्या आधी आबा उठले. हल्ली त्यांना आधाराशिवाय उभं राहता येत नाही. नातवाला धरून उभे राहिले. उभ्या आयुष्यात हा माणूस चारचौघांत बोललेला मी पाहिला नाही.

"बिनइरोध न्हवती ती," आबा म्हणाले. "इरोधात मी व्हतो. माझं मत तिला न्हवतं. तरी आली निवडून."

आणि सरणाकडं बघून त्यांनी हात जोडले.

त्यानंतर कुणाचं भाषण झालं नाही.

अक्का, वस्तीतल्या आम्हा सगळ्या बायकांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार. या आता.