चिकटवलेली मिशी

नॉटिंगहॅमच्या डायलिसिस युनिटमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मराठी गृहस्थ असत. नाव मी कधी विचारलं नाही. छोट्या डीव्हीडी प्लेयरवर ते दर वेळी एकच काउबॉय सिनेमा लावत. अगदी स्वस्तातला, रक्तसुद्धा केचपसारखं दिसायचं. गुंड नायकाच्या तरुण मुलाला मारतात आणि मग बाप त्यांना एकेक करून गोळ्या घालतो. शेवटच्या गुंडावर बंदूक रोखली गेली की हे गृहस्थ सिनेमा थांबवत आणि चष्मा पुसत बसत.

एकदा मी म्हटलं, "अहो, शेवट तरी बघू द्या."

"ह्या गुंडाकडे नीट बघा," ते म्हणाले. "बजेट नसणार. मेलेल्या मुलालाच मिशी चिकटवून परत उभा केलाय."

खरंच तोच नट होता.

"माझ्या मुलाला भोसकून मारणारा पोरगा मी कोर्टात पाहिला. माझ्या मुलासारखाच कोवळा, तशीच नखं खात उभा. त्याचा मनापासून द्वेष करायचा, एवढंच ठरवून गेलो होतो. तेवढंही जमलं नाही हो."

त्यांनी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. मुलगा विहिरीवर पाणी काढत होता. गोळी सुटायच्या आत त्यांनी आवाज बंद केला.