धुराचं औषध

सातवीनंतर शाळा सोडली आणि गलाईच्या धंद्यात आलो. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, तेजाबात टाकून, त्यातली भेसळ काढणं. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. मी मदुराईत आहे, तेवीस वर्षं. दुकानात मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ.

तेजाबातून तांबूस धूर निघतो आणि डोळे लालभडक होतात. बाजारातल्या आमच्या सगळ्या मंडळींचा त्यावर एकच इलाज होता, थेंबाची एक बाटली. फार वर्षांपूर्वी कुणा डॉक्टरनं कुणाला तरी आठ दिवसांसाठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी हरवली, तो माणूसही दुकान विकून गेला, बाटली तेवढी राहिली. रिकामी खोकी दाखवली की मेडिकलवाला नवी काढून द्यायचा. आम्ही तिला धुराचं औषध म्हणायचो. मी आठ वर्षं टाकलं. चुलतभावाला मीच सवय लावली. तो नको म्हणत होता. मी थोरला, म्हणून ऐकलं त्यानं.

मागच्या वर्षी जत्रेला गावी गेलो. चौथ्या दिवशी सकाळी बायको दारात कंबरेवर हात ठेवून उभी.

“आवं, माझ्यावर राग हाय का तुमचा?”

“न्हाई. का?”

“चार दिस झालं, रांगोळीवरनं पाय देऊन जातायसा. आज तर हळदी-कुंकवासकट पुसलीसा.”

“रांगोळी काढलीस कवा?”

तिनं माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, ती गप्प बसली की मला भीती वाटते. त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं आम्ही सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडं.

भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. बायकोकडं बघून हसलोही. मग त्यांनी एका यंत्रात हनुवटी टेकायला लावली. समोर टक लावायची, आजूबाजूला कुठं ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला ठिपके आले. मग बराच वेळ काहीच नाही.

“मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं.”

“मशीन चालू आहे,” बाई म्हणाल्या.

डोळ्यातला दाब मोजला, बाहुली मोठी करून आतली शीर बघितली. म्हणाल्या, काचबिंदू आहे. दाबानं शीर हळूहळू वाळते, दुखत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, कडा जातात. तुमचा खालचा भाग गेलाय. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते सांभाळता येईल. मग विचारलं, डोळ्यात काही टाकता का?

मी अभिमानानं खिशातून बाटली काढली. “लय चांगलं हाय. तुमीबी लिवून देत जावा लोकांस्नी.”

बाईंनी बाटली दोनदा वाचली. “हे स्टेरॉइड आहे. आठवडाभर ठीक, पुढं त्यानंच डोळ्यातला दाब वाढतो. किती दिवस टाकताय?”

“आठ वर्षं.”

“अजून कोण टाकतं?”

मी खाली बघितलं. खाली काही दिसलं नाही.

रात्रीची मदुराईची गाडी होती. दोन दिवसांच्या प्रवासात बाईंनी दिलेले नवे थेंब मी मोबाइलच्या गजरावर टाकले आणि चुलतभावाला काय सांगायचं ते घोकत राहिलो. दुकानात शिरताच तो म्हणाला, “दादा, औषध आणलंस का रं? आपली बाटली संपली.”

“चल.”

“कुठं?”

“डोळं दावायला.”

“मला काय झालंय? मला समदं दिसतंय.”

“मलाबी समदं दिसत हुतं.”

बाजारापुरती तमिळ आम्हाला येते, तिथल्या डॉक्टरांची पुरती कळत नाही. तो आत असताना मी बाकावर बसून सगळ्या देवांकडं एकच मागत होतो, याचे तरी डोळे वाचू देत. बाहेर आला तेव्हा तोंड वाकडं करून होता. डॉक्टर म्हणाले होते, दाब वाढलाय, शीर चांगली आहे, औषध बंद करा, महिन्यानं परत या. मी त्याला तिथंच धरून रडलो. तो म्हणाला, “दादा, लोक बघत्यात.” मग दुकानापर्यंत भांडला. “थेंब बंद, मग डोळं लाल झाल्यावर काय टाकू?”

भट्टीवरचा धूर ओढायचा पंखा तीन वर्षं बंद होता. पारव्यानं त्यात घरटं केलेलं. घरटं रिकामं होतं. आम्ही ते काढलं, वायर जोडली. अर्धा तास लागला.

बाजारातल्या आमच्या मंडळींच्या एकेका दुकानात जाऊन मी आता बाटली मागतो, वाचायला. लोक म्हणतात, सातवी पास डॉक्टर आला. बाटली मात्र दाखवतात. आजवर चौघं तपासून आले. घरी फोन केला की बायको आधी विचारते, थेंब टाकलं का. यंदा जत्रेला रांगोळी तिनं उंबऱ्यापासून हातभर लांब, लाल रंगात काढली. मी तिला विचारून पुढं पाय टाकला.