चंदाची नागपूरची जागा

चंद्रपूरच्या स्टेशनावर टांगा लावणारा खुशाल तसा गरीब गाय. कुणीही यावं आणि त्याला गुंडाळावं. बायको बायनाबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या मालकाले लेकरूबी फसवते." पण घोडं घ्यायचं म्हटलं की हा माणूस वेगळाच व्हायचा. मध्य प्रदेशातल्या घोड्यांच्या बाजाराला निघताना शहरातले टांगेवाले त्याला हटकून बरोबर न्यायचे.

तिथं त्याचा रिवाज ठरलेला. व्यापारी पहिल्यांदा पुढं आणतो ते जनावर मध्यम प्रतीचं. चांगलं मागं बांधलेलं असतं. म्हणून पहिलं जनावर कितीही मनात भरलं तरी नको म्हणायचं, पाठ फिरवायची आणि सावकाश चालू लागायचं. बरोबरचा कुणी मध्येच बोलायला लागला की खुशाल त्याचं मनगट दाबायचा. थोडं पुढं गेलं की मागून हाक यायचीच.

त्याची एकुलती लेक चंदा टांग्याच्या लाली घोडीजवळच वाढली. एका उन्हाळ्यात लाली पोटदुखीनं लोळायला लागली, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले आणि सुई टोचेपर्यंत घोडीचं डोकं चंदानं धरून ठेवलं. लाली उठून उभी राहिली आणि पोरीनं तिथंच जाहीर केलं, "मी घोड्याची डॉक्टर होईन." पठाणपुऱ्यात, त्यांच्या मोहल्ल्यात, लोक पोट धरून हसले. खुशाल हसला नाही. छप्पन साली त्याच्या बापानं याच गावात धम्माची दीक्षा घेतली होती, आणि पोरांना शिकवायचं हे त्या घरात तेव्हाच ठरून गेलं होतं. तो स्वतः सातवीत गळाला, त्याची लाज त्याच्या मनातून कधी गेली नाही.

चौऱ्याऐंशी साली चंदा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉलेज कोणतं घ्यावं हे विचारायला खुशाल त्याच डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, "घोड्यांची वेगळी पदवी आपल्याकडं नाही. आधी सगळ्या जनावरांचं शिकायचं, मग घोड्यांकडं वळायचं. नागपूरला कॉलेज आहे, मुंबईलाही आहे. मुंबईत रेसचे घोडे आहेत, हात लवकर बसेल. पण शिक्षण दोन्हीकडं सारखंच. जे मिळेल ते घ्या."

खुशालनं त्यातलं रेसचे घोडे तेवढं ऐकलं. महिनाभर स्टेशनावर ज्याला त्याला मुंबई सांगत सुटला. मुलाखतीला नागपूरला निघाले तेव्हा एसटीत चंदानं त्याला पुन्हा बजावलं, "बाबा, नागपूर भेटलं त नागपूरच घ्याचं. घोडे मंग पाहू."

"हो वं," तो म्हणाला. आणि म्हणाला तेव्हा त्याच्या मनातही तसंच होतं.

मोठ्या खोलीत टेबलामागं साहेब बसले होते. चंदाचं नाव पुकारलं. साहेबांनी मार्क पाहिले, मान डोलावली. "नागपूरची जागा आहे. मुंबईचा भरवसा नाही. घेता?"

चंदानं तोंड उघडलं आणि खुशालनं तिचं मनगट दाबलं.

"मुंबईचं दाखवा न साहेब. हे ऱ्हाऊ द्या."

"नीट विचार करा," साहेब म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात तर जागा पुढच्याला जाईल."

झालं! हेच वाक्य खुशालनं अख्खी हयात व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, नंतर मागू नका. म्हणजे मागं चांगलं जनावर बांधलेलं आहेच. त्यानं हात जोडले, लेकीचं मनगट धरलं, पाठ फिरवली आणि सावकाश दाराकडं चालू लागला.

"बाबा, काय करून राह्यले?" चंदा कुजबुजली.

"चूप ऱ्हाय. आता बलावते."

ती त्याच्याबरोबर चालत राहिली. घोड्यांच्या बाबतीत बाप चुकलेला तिनं कधी पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी तिलाही ते घोड्यांचंच प्रकरण वाटलं. व्हरांड्यात दोघं उभी राहिली. आतून हाक आली, पण ती दुसऱ्याच नावाची. एक चष्मेवाला पोरगा पळत आत गेला आणि हसत बाहेर आला. तेव्हा कुठं खुशालच्या पायाखालची जमीन सरकली. तो आत धावला, साहेबांच्या पाया पडायला वाकला. साहेब उठून उभे राहिले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "सही झाली हो त्याची. मी विचारलं होतं तुम्हाला."

मुंबईचं बोलावणं आलंच नाही. चंदानं बापाला एका शब्दानंही दोष दिला नाही, हेच त्या घरात सगळ्यांत वाईट झालं. तिनं आदळआपट केली असती तर खुशालला मोकळेपणी रडता तरी आलं असतं. ती लालीला खरारा करायची, वह्या पुन्हा पुन्हा वाचायची, पुढच्या वर्षी परत अर्ज करणार म्हणायची. खुशालनं मात्र कानाला खडा लावला: समोर आलेल्याला नाही म्हणायचं नाही.

एप्रिलमध्ये चामोर्शीचं स्थळ आलं. मुलगा ग्रामसेवक, धानाची शेती, माणसं सभ्य. मुलाचे मामा सहज म्हणाले, "आमाले कुरखेड्याचीबी पोरगी पाहाची हाये. तुमचं काय ते कळवा." खुशालला नागपूरचा तो चष्मेवाला पोरगा आठवला. चहाचे कप अजून भरलेले होते. त्यानं बायनाबाईकडं पाहिलं नाही, आतल्या दाराकडं पाहिलं नाही.

"कळवाचं काय त्याच्यात? पक्कं समजा," तो म्हणाला. मामांनी त्याला मिठी मारली.

पाहुणे गेल्यावर त्याला हलकं वाटत होतं. या खेपेला हातचं जाऊ दिलं नाही, असं तो बायकोला दोनदा म्हणाला. चंदा कप गोळा करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "जूनात मले परत नागपूरले जाचं होतं."

जून खुशालच्या ध्यानातच नव्हता. मामांना गाठून दोन महिने थांबा म्हणावं, एवढंच करायचं होतं. पाहुण्यांची एसटी अजून सुटली नव्हती, टांगा दारात जुंपलेला होता. पण दिलेला शब्द मागं घ्यायला त्याची जीभ उचलेना.

चंदानं दारातल्या टांग्याकडं एकदा पाहिलं. मग कप घेऊन ती विसळायला मागं गेली.