पिंपातली वाफ

पहाटे चार वाजता भट्टीवाल्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर त्यानं कधी लावला नाही. पाय आपोआप जमिनीला लागायचे आणि पाय लागले की बाकीचा माणूस मागोमाग उठायचा. तोंडावर पाणी, अंगात कालचाच काळा सदरा, आणि गल्ली ओलांडली की लाँड्रीचं मागचं दार.

लाँड्री मोठी होती. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कारखान्यांचे डगले तिथं धुवायला यायचे. सहाला बाया कामावर यायच्या, तोवर वाफ तयार पाहिजे. वाफ कोळशाच्या बॉयलरवर व्हायची आणि त्या बॉयलरच्या भट्टीला कोळसा घालायचा तो ह्यानं. म्हणून सगळे त्याला भट्टीवालाच म्हणत.

रात्री घरी जाताना तो आग विझवायचा नाही, झोपवायचा. कोळशाचा चुरा पाण्यानं भिजवून आगीवर थापायचा, फावड्याच्या पाठीनं दाबून बसवायचा आणि हवेची झडप लावून टाकायचा. आत आग मंद धुमसत राहायची. पहाटे झडप उघडायची, वरचा थर फोडायचा, राख ओढायची, की ती पुन्हा डोळे उघडायची. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय आहे, फावडं मारलं की झालं. तसं नाही. फावडं भरभरून टाकलं तर धूर होतो, वाफ होत नाही. अर्धं फावडं घ्यायचं, गुडघ्यात वाकायचं, मनगट फिरवायचं, आणि कोळसा पातळ पसरला पाहिजे. हे हातात बसायला वर्षं जातात, आणि बसलं की हातातून जात नाही.

एक नियम मात्र पहिल्या दिवशीच शिकायचा. वाफ चढलेली असताना भट्टी सोडून हलायचं नाही. घरी कुणी आजारी असो, दारात कुणी बोलवायला येवो. त्याची मुलगी जन्मली तेव्हा बदली माणूस येईपर्यंत तो हलला नव्हता. बायकोनं हे पुढं कधी बोलून दाखवलं नाही, आणि विसरलीही नाही.

झाडांना कोवळी पालवी फुटत होती, रस्त्यावर जुन्या पानांचा खच पडला होता, त्या सुमारास लाँड्रीत गॅसवरचा बॉयलर आला. कपाटाएवढा. बटण दाबलं की चालू. भट्टीवाल्यानं मागे हात बांधून त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"ह्याला घास कुठून भरवायचा?" त्यानं विचारलं.

लाँड्रीचे साहेब हसले. शेवटच्या पगाराचं पाकीट त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं, खांद्यावर थोपटलं आणि विषय संपला. ते पाकीट त्यानं घरी कपाटात, चादरींच्या घडीखाली सरकवलं. कशाला वापरायचं ते सुचत नव्हतं.

घर म्हणजे लाँड्रीसमोरच, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि डोक्यावर सगळ्या इमारतीचं छत. चार वाजता जाग यायचीच. जाग आली की तो उठायचा, आणि उठला की करायला काही नसायचं. मग तो ह्या खोलीतून त्या खोलीत जायचा आणि परत यायचा.

"अहो, काय शोधताय?" बायको अंथरुणातून विचारायची.

"काही नाही."

"मग ते काही नाही जरा हळू शोधा."

आठवड्याभरात त्यानं घरातला एकेक स्क्रू पिळून घेतला. झाकणांच्या मुठी घट्ट करता करता एक मोडली. जो नळ गळत नव्हता तो उघडून बघितला, तेव्हापासून तो गळायला लागला. बायको डोक्याला हात लावून बसली.

रविवारी मुलगी आली. बापाची अवस्था तिनं चहा व्हायच्या आतच ओळखली. म्हणाली, "बाबा, आता समोरचा धूर बंद झालाय. घरात जरा हिरवं काहीतरी करा की. आईला किती वर्षं रोपं लावायची आहेत. कपडे छतावर उन्हात वाळवा. भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. नको तिथला दिवा बंद करा. जुन्या कपड्यांची फडकी करा. आणि सालं-देठं फेकून न देता पिंपात टाका, त्याची छान माती होते. सगळं सोपं आहे."

सोपं म्हटलं की त्याला पटत नसे. पण हाताला काम मिळालं. तो त्या कामावर तुटून पडला.

बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, दिवा गेला.

"अहो! मी आहे ना इथं!"

"खिडकीतनं उजेड येतोय की."

"कुठल्या खिडकीतनं?"

त्यानं वर बघितलं. स्वयंपाकघराला एकच खिडकी, बरोबर लाँड्रीच्या धुराड्यासमोर. ती उघडी असलेली त्याला आठवेना. फटींना कागद चिकटवलेले, त्यावर रंगाचे थर. काच अशी की बाहेर दिवस आहे एवढंच कळावं. त्यानं दिवा परत लावला.

धुतल्या भाजीचं, तांदळाचं पाणी तो साठवायला लागला. एका सकाळी चहाला भांडं उरलं नाही. सगळी भांडी पाणी भरून ओळीनं उभी. फडक्यांच्या नादात एक सदरा फाडला.

"अहो, तो जावयाचा होता!"

"जुना होता. रंग उडालेला."

"नवा होता. तसाच रंग असतो हल्ली."

त्याच दिवसांत ठेकेदार दारात आला. जुनी ओळख. गावाबाहेरच्या एका कारखान्यात अजून कोळशाची भट्टी होती आणि कामाला माणूस मिळत नव्हता. "भट्टीवाले, तुमच्यासारखा हात आता कुणाचा राहिलाय? पुढच्या महिन्यात काम सुरू होतंय. मी त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी घेऊन येणार. हो-नाही तेव्हा सांगा."

भट्टीवाल्याचे डोळे चमकले. बायकोनं ते बघितलं. डॉक्टरनं मागेच बजावलं होतं की आता कोळशापासून लांब राहा. रात्री त्याच्या छातीत शिट्टी वाजायची आणि ती ऐकत ती जागी पडून राहायची. पण ह्या माणसाला नको म्हटलं की तो आधी तेच करतो, हेही तिला ठाऊक. फुटक्या कपांत तिनं टोमॅटोची, मिरचीची रोपं धरली होती. त्यांतला एक कप तिनं त्याच्यासमोर ठेवला.

"ह्यांना आता माती लागेल. तुमच्या पिंपातली माती जमली तर थांबा घरी. ह्यांचं सगळं तुम्हीच बघा."

"आणि नाही जमली तर?"

"तर जा. मी अडवणार नाही."

छतावरचं पिंप त्यानं भंगारातून आणलं होतं, चांगलं कमरेएवढं. इमारतीतल्या सगळ्या घरांतली सालं, देठं, चहाचा चोथा तो दारोदार फिरून गोळा करायचा. कष्टात कसूर नाही. संध्याकाळी पिंपात पाणी मारायचं, फावड्याच्या पाठीनं सगळं ठोकून दाबायचं, वर झाकण, झाकणाच्या कडेनं फडकी कोंबायची, त्यावर दगड. पहाटे चारला दगड काढून आत लोखंडी सळई खुपसायची. सळई गारच निघायची. मग तो संध्याकाळी आणखी जोरात ठोकायचा.

थोड्याच दिवसांत वास सुटला. साधासुधा नाही. जिन्यानं खाली उतरून लोकांच्या घरात शिरणारा. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई नाकाला पदर लावून वर आल्या.

"भट्टीवाले, वर काय मारून ठेवलंय का?"

"खत होतंय, बाई."

"खत? अहो, माझं गिऱ्हाईक माप न देताच पळालं! मला वाटलं माझंच काही चुकलं. मी दोनदा आंघोळ केली!"

घरमालकीणबाईंनी खालूनच निरोप धाडला. शनिवारी सकाळपर्यंत वास गेला पाहिजे. नाही तर पिंप बाहेर आणि छताला कुलूप. म्हणजे बायकोची कपडे वाळवायची दोरीही गेली आणि रोपंही.

भट्टीवाल्यानं खाटेखालून भट्टीवरचे जुने बूट काढले आणि त्यांना तेल लावायला बसला. बायकोनं बुटांकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात भांडी फार आपटली गेली.

शुक्रवारी दुपारी तो पिंप रिकामं करायला फावडं घेऊन वर गेला. बायको दोरीवरचे कपडे काढत होती. त्यानं झाकण उचललं आणि दोघांनीही तोंड फिरवलं.

"एवढी मेहनत केली," तो म्हणाला, "रोजच्या रोज. एक दिवस चुकवला नाही."

"रोज काय करायचात?"

"करायचं काय? पाणी मारायचं. दाबायचं. हवा बंद करायची. ऊब आत धरून ठेवायला नको?"

बायको हातात चादर घेऊन उभी राहिली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्याचा डबा घेऊन भट्टीवर जायची. रात्री भट्टी आवरताना तिनं त्याला कितीदा बघितलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही ह्याला झोपवताय."

"काय?"

"आगीला झोपवायचात ना, तसं. रोज संध्याकाळी झोपवायचं आणि सकाळी सळई टोचून विचारायचं, का रे उठत नाहीस? त्याला जाग कशी येणार? अजून ते पेटलेलंच नाही!"

भट्टीवाला पिंपाकडे बघत राहिला. ओला चुरा, दाबलेला थर, लावलेली झडप. सगळं जसंच्या तसं. हातांनी त्याला न विचारता जन्मभराचं काम चालू ठेवलं होतं. त्यानं हळूच एक शिवी हासडली. कुणाला दिली ते कळलं नाही.

मग तो सुरू झाला. पिंप आडवं केलं, घाण पाणी निथळू दिलं. छिन्नी-हातोडीनं बुडाला आणि कडेनं भोकं पाडली. खाली रस्ता झाडणाऱ्या बाईंकडे धावला. त्या पानांची पोती बांधत होत्या.

"बाई, हा पाला मला देता?"

"पाला?" त्या म्हणाल्या. "घ्या की. आणखी पण काही उचलायचं असलं तर सांगा, कचऱ्याला नाही म्हणत नाही मी कुणाला."

चार पोती त्यानं खांद्यावरून वर नेली. छाती शिट्टी मारत होती, पण थांबला नाही. ओलं आणि सुकं हातांनी कालवलं, आणि पिंपात परत भरलं. ह्या वेळी दाबलं नाही. अर्धं फावडं, मनगट फिरवून, पातळ पसरत. हे मात्र त्याला येत होतं. वर नुसता पोत्याचा तुकडा टाकला. दगड उचलून बाजूला ठेवला. सगळं होईपर्यंत अंधारलं होतं.

शनिवारी सकाळी तपासणीला शिंपीणबाई आल्या, मालकीणबाईंचे गुडघे जिना चढू देत नव्हते म्हणून. त्यांनी लांबूनच नाक पुढं केलं. मग एक पाऊल जवळ आल्या. मग आणखी एक.

"वास आहे," त्या म्हणाल्या. "पण मेल्याचा नाही. पावसानंतर झाडाखाली येतो तसला." जाता जाता जिन्यात थांबल्या. "सांगते मी मालकीणबाईंना. पण परत काही मारलंत तर तुमच्या दारात येऊन शिवत बसेन."

आता खरं अवघड काम राहिलं होतं. काहीच न करणं. त्याचे हात सळईकडे जायचे. बायकोनं सळई आणि फावडं दोन्ही आपल्या खाटेखाली ठेवलं आणि त्यावर निजली. रविवारभर तो जिना चढला आणि उतरला. वर जायचा, पिंपाभोवती फिरायचा, परत यायचा.

"काय झालं?" बायको विचारायची.

"काही नाही."

"तेच व्हायला पाहिजे."

बूट दाराशीच होते. तेल लावलेले, नाड्या सैल केलेल्या. दोघंही त्यांना ओलांडून जात-येत होती.

सोमवारी चारला पाय जमिनीला लागले. हवेत अजून गारवा होता. तो वर गेला. पोत्याचा तुकडा उचलला आणि हात मागे घेतला.

वाफ होती.

बारीक, सरळ, पांढरी. त्यानं पाल्यात मनगटापर्यंत हात घातला. आत चांगली ऊब होती, आंघोळीच्या पाण्यासारखी. कोळसा नाही, काजळी नाही, कुणी फावडं मारलेलं नाही. तो पिंपाशेजारी उकिडवा बसला. ढवळावंसं वाटलं. हात मांडीखाली दाबून धरले आणि नुसता बघत राहिला.

ठेकेदाराची गाडी आली तेव्हा ऊन छतावर पोचलं होतं. खालून हाका आल्या, मग तो स्वतःच धापा टाकत वर आला. मागोमाग बायको.

"चला भट्टीवाले, बूट तर दाराशी तयार दिसताहेत. उशीर होतोय."

"नाही येता यायचं," भट्टीवाला बसूनच म्हणाला.

"का?"

"वाफ चढली आहे."

ठेकेदारानं पिंपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग बायकोकडे. "वहिनी, काय म्हणताहेत हे?"

"त्यांना ओढून काही उपयोग नाही," बायको म्हणाली. "वाफ चढली की हलत नाहीत. मुलगी झाली तेव्हाही हलले नव्हते."

भट्टीवाल्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती दोरीवरचे कपडे काढायला वळली. दोरीवर कपडे नव्हते.

ठेकेदार गेला. बूट बायकोनं रस्ता झाडणाऱ्या बाईंना देऊन टाकले. त्यांना ते मोठे झाले, पण पुढं फडकं कोंबून त्या वापरतात.

माती काळी व्हायला पुढं बरेच आठवडे लागले. तोवर रोपांनी कपांतच दम धरला. त्यांना ऊन हवं होतं, पण छतावर वारा फार. बायको म्हणाली, स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवता आली असती. असती, एवढंच म्हणाली.

त्यानं खिडकीला खांदा लावला. खिडकी हलली नाही. सुतार बोलावला. सुतारानं पटाशीनं रंग खरवडला, कागद सोलले, आणि खालची चौकट त्याच्या हातात भुसा होऊन आली. मागून काळी भुकटी ओट्यावर सांडली.

"बाप रे," सुतार म्हणाला, "एवढी काजळी! कुणाची म्हणायची ही?"

"माझी," भट्टीवाला म्हणाला, आणि फडकं घेऊन पुसायला लागला. पुसता पुसता त्यानं विचारलं, "ही बंद कधी केलीस गं?"

"लग्न होऊन आले त्याच महिन्यात," बायको म्हणाली. "भात काळा व्हायचा."

"बोलली नाहीस."

"तुम्हाला काय बोलायचं? तुम्ही तिकडनं वाफ बघत होतात."

जुन्या काचा सुतारानं घासून परत वापरल्या. पण चौकट नवी लागणार होती, आणि चांगलं लाकूड, बिजागऱ्या, मजुरी. भट्टीवाल्यानं घासाघीस केली नाही. दुसऱ्याच्या मेहनतीवर घासाघीस करायची त्याला सवय नव्हती. फक्त सुतार रंधा मारत असताना तो शेजारी उभा राहिला आणि दोनदा म्हणाला, "सावकाश. नीट होऊ दे."

मग त्यानं कपाटातली चादरींची घडी उचलली आणि शेवटच्या पगाराचं पाकीट काढलं. ते सगळं त्या खिडकीला गेलं.