पाच मिनिटांची बॅटरी

बॅटरी किती तापलीय हे आमचे अप्पा ती गालाला लावून बघायचे. डोळे मिटून, मान जराशी कलती करून, तापात फणफणलेलं नातवंड जवळ घ्यावं तसं. मग निकाल द्यायचे, "हिला अजून घटकाभर पडू द्या." तो घटकाभर संपेपर्यंत चार्जरला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा आमच्यातल्या औषध दुकानदारानं तापमान मोजायची पिस्तुलासारखी मशीन आणली. अप्पांनी ती आधी त्याच्याच कपाळाला लावली, म्हणाले, "तुम्हालाच जरा कणकण दिसून राहिली," आणि बॅटरी पुन्हा स्वतःच्या गालाला लावली.

अप्पा मूळचे निलंग्याचे. नांदेडात ट्रॅक्टर-जीपच्या बॅटऱ्यांचं दुकान त्यांनी उभा जन्म चालवलं आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा विकून टाकलं. त्याच सुमारास आम्हा चौघांना वेड लागलं होतं. मी गणिताचा मास्तर, एक वकीलसाहेब, एक औषध दुकानदार, एक बँकेतले; सगळे पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. वेड कसलं? तर रिमोटच्या बगीचं. हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, मातीतून सुसाट सुटणारी, उंचवट्यावरून उडणारी आणि बहुतेक वेळा पाठीवर पडून चाकं हलवत राहणारी गाडी. विष्णुपुरीच्या अंगाला वकीलसाहेबांचं थोडं पडीक रान होतं. तिथं ठिबकच्या जुन्या नळ्या अंथरून आम्ही वळणं आखली होती. तिकडे लातूरला आमच्यासारखीच चार खुळी माणसं होती. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर. वर्षातून एकदा नांदेड विरुद्ध लातूर. शर्यत पाच मिनिटांची. ज्या गावाच्या चार गाड्यांच्या चकरांची बेरीज जास्त, ते गाव जिंकलं.

पहिल्या वर्षी आम्ही सपाटून हरलो, आणि हरलो ते खास आमच्या पद्धतीनं. कुठंही निघायचं तर वाटेत कमी पडायला नको, हे आमच्या हाडात मुरलेलं. म्हणून चौघांनीही बाजारात मिळेल ते सगळ्यात मोठं बॅटरी पॅक घेतलं. गाड्या उंचवट्यावर चढल्या आणि दुपारी जेवून उठलेल्या पाहुण्यांसारख्या पलीकडे धपकन उतरल्या. लातूरकरांच्या गाड्या हलक्या, त्या चिमण्यांसारख्या उडत होत्या. आम्ही हरलो तेव्हा आमच्या बॅटऱ्या निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या.

वकीलसाहेबांनी ही हकिकत अप्पांच्या कानावर घातली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी चारही पॅक मागवून घेतली आणि सराफाकडे जाऊन सोन्याच्या काट्यावर तोलली. सराफानं विचारलं, घडणावळ किती धरू? अप्पा म्हणाले, "धरा हो, पण आधी घट सांगा, वजन किती फुकटचं हाय ते." घरी येऊन त्यांनी आमची शाळा घेतली. "पाच मिनिटाच्या पळण्याला पाच मिनिटाचंच पोट पायजे. शिदोरी बांधून कुणी पळतं का?" त्या दिवसापासून आमच्या गाड्यांत आखूड, हलकी पॅक आली, आणि पुढच्या वर्षी लातूर आमच्याकडून हरलं.

पॅक निवडताना अप्पांचा थाट बैलबाजारातल्या जाणकाराचा असायचा. आत दोन सेल असतात, त्यांना ते जोडीच म्हणत. दोन्ही सेल मीटरवर सारखे भरले पाहिजेत. "एक ओढून राहिला अन् एक शेपूट हलवून राहिला, असली जोडी दारात बांधू नका." वेष्टनावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, हा मुलाचा बायोडाटा झाला, मुलगा बघायचा राहिलाय. आणि कुणाचं पॅक जरासं जरी फुगलं, तर त्यांचा हुकूम ठरलेला: "फुगलेली बॅटरी अन् फुगलेला जावई घरात ठेवायचा न्हाई. वसरीत वाळूच्या बादलीत ठेवा." त्यांचे जावई हे ऐकून चहा न घेता उठले होते. अप्पांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, दोन दिवस अबोला धरला. अप्पांचं म्हणणं एवढंच, की आपण बॅटरीबद्दल बोललो.

तिसरं वर्ष निकालाचं होतं. एकदा ते जिंकलेले, एकदा आम्ही. शर्यत लातूरला, सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या रानात. आणि दुसऱ्याच दिवशी अप्पा पुण्याला निघणार होते, मुलाकडे, कायमचे. सातवा मजला, खाली सगळ्या फरशा, मातीचा कण नाही.

आदल्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. बराच वेळ चहाची बशी फिरवत बसले, मग म्हणाले, "मास्तर, मला एकदा चालवायची हाय."

मी थक्क झालो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं, की दोन वर्षं हा माणूस चार्जर, मीटर आणि आमची गाऱ्हाणी सांभाळत होता. रिमोट त्याच्या हातात आम्ही कधी दिलाच नव्हता. मी माझी जागा त्यांना दिली. वकीलसाहेब कुरकुरले, निकालाचं वर्ष आहे, म्हणाले. पण अप्पाच ते, काहीतरी हिकमत करतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

लातूरला अप्पांनी पिशवीतून पॅक काढलं आणि वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. पहिल्या वर्षीचं मोठं पॅक. सराफाच्या काट्यावर गेलेलं, तेच. वकीलसाहेबांनी हलकं पॅक पुढं केलं, हात जोडले, शेवटी त्यांचंच पाच मिनिटांचं वाक्य त्यांना ऐकवलं. अप्पा शांतपणे पट्टा आवळत म्हणाले, "माझ्या हिशेबानं हेच बरोबर हाय."

शर्यत सुटली. आमचे तिघे जीव तोडून पळाले. अप्पांची बगी मात्र वळणावर थांबून विचार करायची, उंचवट्यावरून खाली घरंगळायची, वळणाला अंथरलेल्या नळ्यांना शिंगं मारायची. पाच मिनिटांनी शिट्टी झाली. सगळ्यांच्या गाड्या थांबल्या. बेरजेत आम्ही तीन चकरांनी कमी पडलो, आणि त्या तिन्ही अप्पांच्या खात्यातल्या होत्या.

अप्पांची गाडी अजून पळत होती.

वकीलसाहेब तणतणत त्यांच्यापाशी गेले. म्हणाले, "अप्पा, शर्यत संपली."

"तुमची संपली," अप्पा गाडीवरची नजर न काढता म्हणाले. "माझ्यात अजून निम्मी बाकी हाय."

वकीलसाहेब चप्पल काढून ढेकळावर बसले. बगी उलटली तेव्हा लातूरचा डॉक्टरच, नुकताच जिंकलेला, पळत गेला आणि तिला सरळ करून आला. मोकळ्या रानात आता ती एकटीच. अप्पांना वळण जमायला लागलं. मग एक उंचवटा जमला. गाडी वीतभर उडाली, आणि अप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही हरलोय हे मला आठवेना.

जीपमध्ये बसलेल्या काकूंनी हाक मारली, की सामान बांधायचंय, सकाळी निघायचंय, आवरा आता. अप्पा म्हणाले, दोन चकरा. त्या दोन चकरा किती झाल्या कुणास ठाऊक. चकरा मोजणारा माणूस यंत्र बंद करून आमच्याशेजारी येऊन बसला होता.