जीपची काच आणि नवरदेवाचा शेला

मलकापूरच्या एका वरातीत मला तो जीपवाला भेटला. त्याच्या जीपच्या कापडी टपाला मागे प्लास्टिकची काच होती, आणि ती इतकी लख्ख, की तिच्यातून थेट लोणारचं तळं दिसावं. मी रुमालानं तिच्यावरची धूळ पुसायला गेलो, तर गडी किंचाळला, "कोरडं नोको पुसू बे, चरे पडतात!" मग पाणी ओतून त्यानं ती तळहातानं अशी गोंजारली, की तान्ह्या बाळाला हेवा वाटावा.

नवरदेवाला टप उघडा हवा होता. पण थंडीत घडी केली की प्लास्टिक तडकतं, म्हणून गड्यानं आधी काचेला ऊन खाऊ घातलं. तोवर बँडवाल्यांची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेवटी काचेला चरे पडू नयेत म्हणून घडीत घालायला मऊ कापड सापडेना, तेव्हा त्यानं नवरदेवाच्या खांद्यावरचा शेलाच ओढला.

"काका, माझा शेला!"

"तुले काऊन पाह्यजे? चरे काय तुझ्या तोंडाले पडून राह्यले?"

मांडवात लग्नगाठ बांधायला भटजी शेला मागू लागले आणि नवरीची आई भडकली. गड्यानं सावकाश टप उलगडला, काच निरखली, मगच शेला दिला. वर भटजींना हात जोडून म्हणाला, "गाठ जराशी ढिली मारजा महाराज, परतीले हाच शेला लागते मले!"