मातीत राहिलेलं स्फुरद

नवरा गेला तेव्हा रोपवाफ्यात धानाचे पऱ्हे रोवण्याजोगे झाले होते. तेरावं उरकलं आणि सासरे म्हणाले, "रोवणा थांबून नाही राहत, बाई." मी पदर खोचला. रडू येत नव्हतं. चिखलात पाय घातला तर तो गारही लागला नाही.

सौंदडच्या दुकानात डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, आलंच नव्हतं. दरवर्षी चिखलणीला खत फेकायचं काम यांचं. मुठी भरभरून फेकायचे.

"बिना खताचा रोवणा कराचा का, मामाजी?" मी सासऱ्यांना विचारलं.

कृषी सहायक ताई भेटायला आल्या. उन्हाळ्यात नेलेल्या मातीचा अहवाल त्यांनी मोबाइलवर दाखवला. "स्फुरद भरपूर आहे तुमच्या धानाच्या बांधीत. दरवर्षीच्या खतातलं पीक थोडंच उचलतं. बाकीचं या लाल मातीतलं लोह धरून ठेवतं."

"मंग ते धानाले भेटते कसं?"

"पाणी उभं राहिलं की मातीतली हवा जाते, लोहाची पकड सैल होते. पण स्फुरद मुळांकडे फारसं सरकत नाही, मुळांनाच तिथवर जावं लागतं. पाणी तुटू देऊ नका. युरिया तेवढा द्या."

युरिया घरात होता. रोवणा केला.

मग रोज सकाळी मी बांधावरून फिरायचे. खेकडे बिळं करतात आणि पाणी खालच्या बांधीत निसटतं. चिखलाचा गोळा भरायचा, टाचेनं दाबायचा, पुढे जायचं. पावसानं ओढ दिली तेव्हा शेताजवळच्या बोडीचं, लहान तळ्याचं, पाणी घेतलं. बाया म्हणायच्या, धीराची आहे. धीर कुठला, बिळं दिसायची म्हणून बुजवायचे.

पोळ्यापर्यंत धानाला दाट फुटवे आले. शेजारच्या बांधीतल्या काकूनं विचारलं, "काय टाकलं वं?"

"काही नाही टाकलं."

सासरे शेताच्या धुऱ्यावर बसले होते. "टाकणारा टाकून गेला," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला ऐकू आलं. आत काही हललं नाही.

दिवाळीनंतर धान कापलं. दरवर्षीपेक्षा थोडं उणं, पण भरलेलं. नव्या तांदळाचा भात सासऱ्यांना वाढला, मीही जेवले. चव कळली नाही. हात धुताना सासरे म्हणाले, "ताईले फोन लाव. माती पुन्हा पाहून घ्या म्हणाव, त्यानं टाकलेलं किती उरलं ते."

मी फोन लावला.